चादरीनं मोजलेले दहा प्लॉट

आमच्या गल्लीत पाहुणा आला आणि "ही चौकट जरा तिरकी वाटते" असं सहज बोलून गेला, की त्याचं जेवण लांबलंच म्हणून समजा. चौकट तिरकी का, हे सांगायला मी सुरुवात करतो, तेवढ्यात शेजारचा येतो आणि मी सांगितलेलं कसं चूक आहे तिथपासून तो सुरू होतो. मग तिसरा येतो. दहा जणांनी मिळून दहा घरं बांधली की दगडांपेक्षा किस्सेच जास्त उरतात. आज कुणी शेजारी घरात नाही, तेवढ्यात सांगून घेतो.

आम्ही सगळे सोलापुरातल्या एका कापड गिरणीतले. मी टाइम ऑफिसात कारकून. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, गिरणी आठवड्यातून चार दिवस चालायची आणि उरलेले तीन दिवस आम्ही गेटसमोरच्या हॉटेलात एक चहा दोघांत घेऊन बसायचो. सोसायटी काढायची कल्पना तिथंच निघाली. पोटाला चिमटा बसलेला असताना माणसाला घर कसं सुचतं, विचारू नका. सुचलं खरं.

*

खरं सांगायचं तर मला घर नको होतं. ते हवं होतं आमच्या मंडळींना, म्हणजे मालतीला. आणि तिलाही आधी हवा होता तो खिळा.

आमच्या चाळीचा मालक तसा सज्जन. भाडं चार दिवस उशिरा गेलं तर चालायचं, पण भिंतीत खिळा मारलेला चालायचा नाही. दर महिन्याला येऊन तो भिंतीवरून असा हात फिरवायचा, जसं डॉक्टरनं पोट तपासावं. मालतीचा माहेरचा आरसा लग्नापासून अकरा वर्षं ट्रंकेत गुंडाळून पडला होता. ती भांग पाडायची ती स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघून.

एकदा मी खळ लावून कॅलेंडर चिकटवलं. मालक म्हणाला, "आज खळ लावली, उद्या खिळा माराल."

त्या दिवशी मालती मला म्हणाली, "मला दागिना नको, काही नको. माझी अशी एक भिंत द्या. मी तिच्यात मनाला येतील तेवढे खिळे मारीन."

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या यादीत नाव घातलं.

*

शिवलिंगअण्णा चेअरमन झाले, कारण त्यांच्याकडे कोट होता. गिरणीत ते जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, तीस वर्षांची नोकरी, घरात कानडी आणि बाहेर मराठी. सरकारी कचेरीत जायचं तर कोट पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होतं. ऐन मे महिन्यात अण्णा काळा कोट घालून साहेबांच्या दारात उभे राहायचे आणि शिपाई त्यांनाच पंख्याखाली बसवायचा.

एकदा अण्णा आजारी पडले. कोट निवृत्तीला घातला. निवृत्ती टेंभुर्णीकडचा, गिरणीत गठ्ठे वाहायचा, आणि कोटाच्या बाह्या त्याच्या कोपराखाली कशाबशा पोचत होत्या. कचेरीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "या चेअरमन, तुमचं काम झालंय." निवृत्तीनं कागद घेतला आणि तसाच कोट घालून सायकल मारत आला.

जमीन मिळाली होती! जकात नाक्यापलीकडचा मुरमाड माळ, कुसळंसुद्धा विचार करून उगवायची तिथं. पण खाली एक अट होती, ती मी वाचून दाखवली. दोन वर्षांत दहाही प्लॉटवर दाराची चौकट उभी दिसली पाहिजे. एकाही प्लॉटवर नसली, तर सगळी जमीन सरकारजमा.

निवृत्ती म्हणाला, "म्हंजे एकाचं गेलं की धाचं बी गेलं. लई बेस झालं. आता आपसात भांडायची बी सोय ऱ्हायली न्हाय."

*

सरकारी मोजणीदारानं बाहेरच्या चार कोपऱ्यांवर दगड लावले आणि तो गेला. आतले दहा प्लॉट आमचे आम्ही पाडायचे होते. पाच पुढच्या ओळीत, पाच मागच्या, पाठीला पाठ लावून. टेप कुणाकडेच नव्हता.

नरसय्या म्हणाला, "टेप कशाला? चादर आणतो." नरसय्या पिढीजात विणकर. गिरणीतून सुटला की घरी हातमागावर बसायचा. "चादर म्हणजे साडेसात फूट. मी विणतो, मला सांगता? आठ चादरी, एक प्लॉट."

विणकराशी चादरीवरून कोण वाद घालणार? दोघांनी दोन टोकं धरली, बाहेरच्या हद्दीपासून आत चादर आठ वेळा पसरली, दगड रोवला. असं दहा वेळा. संध्याकाळपर्यंत आमचे प्लॉट पडले आणि अण्णांनी खुशीत येऊन "हौद, हौद" केलं. अण्णा आनंदले की त्यांचा होकार कानडीत निघायचा.

आठ दिवसांनी इमामभाई आला. हा गिरणीतला सुतार, आमच्यातलाच एक सभासद. त्यानं खिशातून घडीची लाकडी पट्टी काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. म्हणाला, "नरसय्या, पलॉट छोटे हो गए."

प्रत्येक प्लॉट दोन फूट कमी भरला होता. दोन्ही ओळींच्या मधे, पाठीमागं, चार फुटांची पट्टी कुणाच्याच नावाची न राहता उरली होती. नरसय्यानं चादर उलटसुलट करून पाहिली. त्याची बायको लक्ष्मीबाई शांतपणे म्हणाली, "ही आमच्या लग्नातली चादर. किती वेळा धुतली असेल मी."

नव्या कोऱ्या चादरीचं माप तोंडात आणि धुऊन धुऊन चार बोटं आटलेली चादर हातात!

नरसय्या म्हणाला, "मी विणली तेव्हा बरोबर होती. हिनं धुतली."

तोवर चार जणांचे पाये खणून झाले होते. पुन्हा मोजायचं म्हणजे पुन्हा खणायचं. अण्णांनी निकाल दिला, "राहू दे की ती पट्टी. मांजराला जायला होईल." त्या पट्टीला आम्ही चादरबोळ म्हणायला लागलो. जिचा काही उपयोग नाही अशी एकच गोष्ट सोसायटीत होती, ती ही.

*

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, म्हणजे मिळायचं नाही. निवृत्ती म्हणाला, "दगूड तर हाय की आपल्याच पायाखाली." गिरणीत लागण्याआधी, दुष्काळात, त्यानं आणि त्याच्या बायकोनं सरकारी कामावर वर्षभर खडी फोडली होती. कुठल्या दगडाला कुठं घाव घातला की तो दुभंगतो, ते त्याला हात फिरवून कळायचं. त्यानं आम्हा नऊ जणांना दगड फोडायला शिकवलं. कारकुनाच्या हाताला घट्टे आले. मी ते ऑफिसात मुद्दाम टेबलावर पसरून ठेवायचो.

अण्णांची एक अडचण होती. तीस वर्षं गिरणीत काढल्यामुळे त्यांचं शरीर भोंग्यावर चालायचं. गिरणी बंद असली तरी भोंगा व्हायचाच. दुपारचा भोंगा झाला की हातात असेल ते खाली ठेवायचं आणि पुढचा होईपर्यंत उचलायचं नाही. एकदा वारा उलटा होता, भोंगा माळापर्यंत पोचलाच नाही. अण्णा दिवस मावळेपर्यंत न जेवता दगड वाहत राहिले. आम्ही सांगायला गेलो तर म्हणाले, "भोंगा कुठं झालाय अजून?"

दोन वर्षं संपत आली तेव्हा दहाही प्लॉटवर समोरच्या भिंती पुरुषभर उंच झाल्या होत्या. मधे दाराची जागा सोडलेली. चौकटी तेवढ्या नव्हत्या.

*

पहिली चौकट नरसय्याची. लाकूड मिळेना, तेव्हा त्यानं वडिलांचा जुना हातमाग मोडला. इमामभाईनं ते सागवान हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "साठ बरस हिलती रही ये लकडी. अब इसकू बोलो, चुपचाप खडी रह."

लाकूड एकाच चौकटीला पुरलं. नरसय्याच्या प्लॉटवर, म्हणजे पहिल्या नंबरवर, ती उभी केली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आंब्याच्या पानांचं तोरण बांधायला काही मिळेना, तेव्हा मालती पुढं झाली आणि तिनं दगडानं चौकटीत खिळा मारला. जुनं सागवान लोखंडासारखं. खिळा वाकला, पण बसला.

इमामभाई कळवळला. "भाभी, सागवान में कील!"

"तेरा वर्षांनी मारलाय," मालती म्हणाली. "काढायचा नाही."

चौकट तिची नव्हती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लक्ष्मीबाई म्हणाली, "राहू द्या वैनी." नरसय्या चौकटीवरून हात फिरवत होता. "खिळा राहू दे. फक्त ही चौकट माझ्या दारातून हलायची नाही. बापाचा माग हाय हा."

*

आता शेवटचं.

बाकी नऊ चौकटींचं लाकूड घेऊन निघालेला ट्रक टेंभुर्णीला अडकला. निवृत्ती बघून आला आणि म्हणाला, "एक्सल तुटलाय. मंगळवारबिगर हालत न्हाय." मुदत संपत होती रविवारी. आणि महसूल खात्याचे सर्कल साहेब पंचनाम्याला येणार होते शनिवारी. माणूस कडक. सख्ख्या मेहुण्याचं अतिक्रमण त्यांनी उभं राहून पाडलं होतं म्हणे.

आम्ही दहा जण माळावर डोकं धरून बसलो. दोन वर्षांचे रविवार डोळ्यांसमोरून जात होते.

लक्ष्मीबाई म्हणाली, "चौकट एक हाय. पण पाय तर तुम्हाला वीस हायत."

सगळ्यांनी नरसय्याकडे बघितलं. तो उठला आणि चौकटीच्या पायाचे दगड स्वतःच काढायला लागला.

शनिवारी साहेब आले. खांद्याला कागदांची जड पिशवी, कपाळावर घाम. "द्या, मी धरतो," मी म्हणालो. "सरकारी कागद आहेत," ते म्हणाले आणि पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पहिल्या प्लॉटवर चौकट तोरणासकट उभी. त्यांनी उभ्या उभ्या लिहून घेतलं. आम्ही पुढच्या रस्त्यानं दोन नंबरकडे निघालो, आणि मागं चादरबोळातून नरसय्या, इमामभाई, निवृत्ती आणि अण्णा चौकट आडवी करून पळाले.

दोन नंबरला मालतीनं साहेबांना पाणी दिलं. तीन नंबरला मी चादरीच्या मापाची हकीकत सांगून वेळ काढला, ते हसले नाहीत. चार, पाच झाले. वळसा घालून मागच्या ओळीत आलो. सहा झाला. सात नंबरकडे जाताना गिरणीचा दुपारचा भोंगा वाजला, आणि भिंतीमागं धाडकन आवाज झाला.

अण्णांनी आपलं टोक खाली ठेवलं होतं.

"तिकडं काय पडलं?" साहेबांनी विचारलं.

"मांजर असेल साहेब."

"मोठं दिसतंय."

बोळातून निवृत्तीचा दबका आवाज आला, "अण्णा, उचला. आज ओव्हरटाइम हाय." पुढं खरडत ओढल्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

दहावा प्लॉट माझा. चौकट उभी होती, किंचित कललेली. पहिल्या प्लॉटवर तोरणाला अकरा पानं होती, आता तीन उरली होती. मालती शेजारी उभी. साहेब जवळ आले, चौकटीकडे बघत राहिले. तिनं हळूच पदर त्या वाकड्या खिळ्यावर ओढला.

"राहू द्या बाई," साहेब म्हणाले. "पहिल्या प्लॉटपासून बघतोय मी त्याला. मजबूत आहे."

भिंतीमागून चार माणसांची धाप ऐकू येत होती.

साहेबांनी खांद्यावरची पिशवी काढली. "तेव्हापासून मनात होतं, ही इथं अडकवावी. पण म्हटलं, उचलणाऱ्यांना आधीच ओझं आहे." त्यांनी पिशवी खिळ्याला लावली, खिशातून पेन काढलं आणि कागदावर दहाचा आकडा घातला. मग विचारलं, "आता अडकवायला हरकत नाही ना? का ही चौकट अजून कुठं जायची आहे?"

उत्तर चेअरमननं द्यायचं, किंवा मी. पण भिंतीमागून नरसय्या बाहेर आला. खांदा सोललेला, घामानं निथळत. त्यानं एकदा चौकटीकडे बघितलं, एकदा मालतीकडे.

"नाही साहेब," तो म्हणाला. "ती आता इथंच राहणार."