विमान चालवलेली बाई

कळंब्याच्या तलावावर फिरायला गेले, की त्या आजी रोज दिसायच्या. विमानाचा आवाज आला, की थांबायच्या, ओलं केलेलं बोट वाऱ्यात धरायच्या आणि विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहायच्या.

एकदा मला म्हणाल्या, "वारा आडवा हाय. उतरताना दमवंल त्याला."

मी हसले. "आजी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"इमान चालवलंय की मी. आमच्या भागातली पयलीच पोरगी. लगीन झालं आनि सासऱ्यांनी लायसन चुलीत घातलं."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"न्हाय. त्याचंच वाईट वाटतंय बघ. लायसन काय, दुसरं निघालं असतं."

त्यानंतर त्या कधीच दिसल्या नाहीत. एवढ्या मोठ्या बाईचं मी साधं नावसुद्धा विचारलं नव्हतं.