हात न लावता तपासलेले डोळे

कारकुनानं कागद ओट्यावरून खाली फेकला. हातात दिला नाही. माझा दादा गुडघ्यांवर बसला आणि मातीत चाचपडायला लागला. कागद त्याच्या डाव्या बाजूला पडलेला, तो उजवीकडं शोधत होता. ओट्यावरची माणसं हसली.

कुणीतरी म्हणालं, "पलटणीतला वाघ बघा, कसा रांगतोय."

मी त्याची धाकटी बहीण. शेजारीच उभी होते.

सोलापुरातल्या त्या कचेरीत महायुद्धातनं जखमी होऊन आलेल्या शिपायांची महिन्यातनं एकदा तपासणी व्हायची. डॉक्टर ज्याला चिठ्ठी देईल त्यालाच पुण्याच्या लष्करी इस्पितळात घ्यायचे. वरच्या जातीचे शिपाई ओट्यावर बाकावर बसायचे. आम्ही महार. आम्ही पायरीखाली, उन्हात.

दादा समुद्रापार, इराकात बसऱ्याकडच्या लढाईत होता. तोंडापुढं गोळा फुटला, बारीक लोखंड डोळ्यांत शिरलं. तिथं ज्यांनी त्याला उचलून आणलं त्यांनी जात विचारली नाही. घरी आला तेव्हा अंधुक दिसत होतं. पलटणीत तो लिहायला-वाचायला शिकला होता, ते त्यानं मला शिकवलं. गिरणीत सूत रिळावर गुंडाळायच्या खात्यात दिवसभर उभं राहून माझे पाय भरून यायचे. तरी तो चुलीतली राख पसरायचा, त्यात अक्षर काढायचा आणि म्हणायचा, "हे गिरव, मग भाकर खा." दोन वर्षांत ती अक्षरं त्यालाच दिसेनात. डोळ्यांतनं पू यायला लागला. ठणका उठला की भिंतीवर डोकं आपटायचा.

त्या दिवशीची आमची चौथी खेप. चारही वेळा तपासणी एकच. डॉक्टर ओट्यावर खुर्चीत, आम्ही खाली. डॉक्टरनं तिथनंच बोटं दाखवली.

"किती?"

दादा शिपाईगडी. दिसत नाही म्हणायची त्याला लाज. अंदाजानं म्हणाला, "दोन."

नेमकी दोनच होती.

"दिसतंय की," डॉक्टर म्हणाला, आणि लिहून मोकळा झाला. तोच हा कागद.

मी तो उचलला. छापील कागद, खाली मोडीत नाही, बाळबोधीत लिहिलेलं. कारकुनानं शाईची डबी पायरीवर ठेवली. "अंगठा उठव आणि चालू लाग."

"काय लिवलंय, बाय?" दादानं विचारलं.

मी मोठ्यानं वाचलं. "दोन्ही डोळे तपासले. नजर चांगली. उपचाराची गरज नाही."

दादा हळूच म्हणाला, "सायबानी लिवलंय तर असंल." आणि अंगठा पुढं केला. लढाईवर जाऊन आलेला माणूस. मला त्याचा राग आला. माझाही आला, तीन वेळा मुकाट परत गेले म्हणून. मी त्याचं मनगट धरलं.

"अंगठा न्हाय द्यायचा."

कारकून ओरडला, "तुला कुणी विचारलं गं?"

"कागदावर तपासलं म्हणून लिवलंय," मी म्हणाले. "सायबानी डोळ्याला हात लावला न्हाय. हात लावून बघा, न्हाय तर लांबनं बघितलं असं लिवा."

डॉक्टर उठला. "तुमच्या माणसाला हात लावला तर मला घरी जाऊन आंघोळ करावी लागेल. कळतं का?"

"करा की. आंघोळीनं तुमची नजर जाणार न्हाय. माझ्या भावाची चाललीय."

या वेळी कुणी हसलं नाही.

बाकावर करकंब गावचा एक म्हातारा मराठा शिपाई बसला होता. पायात गोळी घेऊन आलेला, कुबडीवर. तो उठून पायरीपर्यंत आला. "माज्याबी कागदावर काय हाय, सांग की," म्हणाला, आणि शिवाशिव नको म्हणून कागद पायरीवर ठेवला.

"हातात द्या," मी म्हणाले. "खाली ठिवलेलं वाचत न्हाय."

तो कुबडीवर भार देऊन वाकला, कागद उचलला आणि माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, पाय पूर्ण बरा. म्हाताऱ्यानं तिथंच धोतर वर करून सुजलेली पोटरी ओट्यावरच्यांना दाखवली. अंगठा त्यानंही दिला नाही, आणि अंगठ्याबिगर कागद पुरा होत नव्हता.

आम्ही तिघं पायरीपाशी बसून राहिलो. चपराशानं दोनदा काठीनं ढोसलं. उठलो नाही. कचेरी बंद करायची वेळ झाली तेव्हा पीडा टळावी म्हणून डॉक्टरनं दोन चिठ्ठ्या खरडल्या.

पुण्याच्या इस्पितळात तिथल्या डॉक्टरनं दादाच्या पापण्या बोटांनी उघडून बघितल्या. उजवा डोळा काढावा लागला. डाव्यानं ऊन आणि सावली एवढंच कळतं. "सहा महिने आधी का नाही आणलं?" तिथल्या डॉक्टरनं विचारलं. दादा खाली मान घालून बसला होता. मी म्हणाले, "चारदा आणलं हुतं, सायेब. कुणी बघितलं न्हाय."

डोळा मात्र गेला तो गेलाच.

तेव्हापासून तपासणीच्या दिवशी मी गिरणीत जात नाही. करमाळ्याकडनं, करकंबाकडनं माणसं येतात, कुणाचा हात गेलेला, कुणाच्या छातीत अजून गोळी. सगळ्या जातींची. त्यांचे कागद मी वाचते. खोटं लिहिलं असलं तर अंगठा देऊ देत नाही. मला गिरणीतनं काढायची धमकी आली. पुन्हा काठी बसली. डॉक्टर तोच आहे. अलीकडं तो ओट्यावरून खाली उतरतो. मन पालटलं म्हणून नाही, मी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचते म्हणून. त्याचं मन मला नकोच आहे. त्याची बोटं जखमेला लागेपर्यंत मी तिथनं हलणार नाही.