वीस सेकंदांचा रस्ता

प्राध्यापिका मनस्विनी नगररचनेच्या वर्गात शहरातली वाहतूक शिकवत आणि मुलांना सांगत, रस्ता आखणाऱ्यानं तो आधी स्वतः चालून ओलांडावा. गेली दोन वर्षं मात्र त्या स्वतः चालल्या नव्हत्या. गुडघा दुखायचा, आणि संगणकावर सगळं नीट दिसायचं.

हर्सूलच्या रस्त्यावर चाचणीपुरता नवा सिग्नल बसला, तो त्यांच्याच हिशेबावर. रस्ता चोवीस मीटर, पायी माणसाला वीस सेकंद. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बघायला गेल्या. शेजारी भाजी विकणाऱ्या सारजाबाई उभ्या होत्या, डोक्यावर मेथीची पाटी, वय सत्तरीच्या पुढं. हिरवा दिवा लागला, दोघी निघाल्या. मनस्विनीबाईंनी मुद्दामच म्हातारीच्या चालीनं पावलं टाकली.

निम्म्या रस्त्यात दिवा लाल झाला.

दोन्हीकडून गाड्या सुटल्या. समोरून ट्रक, पाठीमागून मोटारसायकलींचा लोंढा. थांबायला दुभाजक नाही, पायाखाली फक्त रंगाचा पांढरा पट्टा. ट्रकच्या वाऱ्यानं मनस्विनीबाईंचा पदर उडाला. कसंही करून पलीकडं पळत सुटावं असं वाटलं. त्यांनी पाऊल उचललंही. तेवढ्यात सारजाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"पळू नगा ताई. हाललं की गाडीवाला गोंधळतो. गपगुमान उभ्या ऱ्हावा."

किती वेळ उभ्या होत्या, त्यांना कळलं नाही. पुन्हा हिरवा दिवा लागल्यावर दोघी पलीकडं पोचल्या, आणि मनस्विनीबाई एका चहाटपरीच्या बाकड्यावर बसल्या. तुम्हाला रोज असंच ओलांडावं लागतं का, असं त्यांनी विचारलं.

"व्हय. लई भ्या वाटतं," सारजाबाई म्हणाल्या. "पण गिऱ्हाईक इकडं हाय."

हे वीस सेकंद आपणच ठरवलेत, हे सांगायची मनस्विनीबाईंची हिंमत झाली नाही.

चार दिवसांनी महापालिकेत या सिग्नलवर बैठक होती. वेळ वाढवली तर गाड्या तुंबतील, असं सगळे म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. आपला हिशेब चुकला हे कबूल करायचं होतं, म्हणून आदल्या रात्री त्या आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसल्या. बैठकीत त्या बोलायला उठल्या.

"हा आराखडा माझा आहे आणि तो चुकलाय. चार दिवसांपूर्वी मी त्या रस्त्यात मधोमध अडकले होते. जिथं पायी माणूस घाबरतो, तो रस्ता मी यापुढं बरोबर धरणार नाही."

एक अधिकारी म्हणाले, भीती मोजता येत नाही, मॅडम. पण बऱ्याच वादानंतर मधोमध थांबायला उंच ओटा मंजूर झाला आणि वेळ सहा सेकंदांनी वाढली. त्यांनी बारा मागितले होते.

आता नवा आराखडा हातात आला की सहीआधी त्या तिथं जातात. मागच्या आठवड्यात छावणीजवळच्या चौकात गेल्या. पाऊल रस्त्यावर ठेवताना तळहात घामानं ओले झाले होते. त्या तशाच उतरल्या.