भाग दुसरा आहे का?

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही, ते रद्दीसारखे साठत जातात. परवा सरोजनं, म्हणजे आमच्या गृहखात्यानं, कपाट आवरायला काढलं आणि त्यातून 'कोंबड्यांचे आजार व त्यांवरील उपाय' असं एक जाडजूड पुस्तक बाहेर पडलं. आता, मी आयुष्यात कधी कोंबडी पाळलेली नाही. खाल्लेलीसुद्धा नाही! मग हे पुस्तक आमच्या घरात आलं कसं? तर त्याला एक किस्सा आहे, त्याच्या मागं दुसरा आहे, आणि सगळ्यांच्या मागं आमचे अप्पा आहेत. बसा जरा, सांगतो.

पंचावन्न-साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमची तिघांची कंपनी होती. मी बेंगळूरच्या चामराजपेटचा, एका सरकारी ऑफिसात नकाशे गिरवणारा ट्रेसर. गणपतराव आमच्याच गल्लीतले टेलर. आणि काळे, पुण्याहून बदली होऊन आलेले इंजिनीअर. रविवारी सकाळी इडली-कॉफी झाली की तिघंही पुस्तकं बघायला बाहेर पडायचो. गणपतराव आणि मी अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांचे भक्त. काळ्यांना जुनं पुस्तक म्हटलं की अंगावर काटा यायचा.

"दुसऱ्यानं थुंकी लावून उलटलेली पानं मी उलटू? छे!" असं ते म्हणायचे.

गणपतराव पुस्तक घ्यायचे ते बांधणी बघून. उलटं करायचे, पाठीवरून बोट फिरवायचे, दोरा ओढून बघायचे. एकदा मी विचारलं, "अहो, आत काय लिहिलंय ते तरी बघा!"

"शिलाई चांगली आहे," गणपतराव म्हणाले. "माणूस एवढी मेहनत वाईट पुस्तकावर कशाला करील?"

* * *

आता अप्पा. आमचे वडील. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं, त्यामुळं मराठी घरात आणि कन्नड दारात. मराठी पुस्तक इथं मिळायची मारामार. अशात अप्पांना तरुणपणी कुणीतरी 'द्वारकेचे दैव' नावाच्या कादंबरीचा भाग पहिला दिला. द्वारकेचा नवरा रंगूनला गेलेला असतो. सहा वर्षं त्याचा पत्ता नाही. सासू छळते, दीर घराबाहेर काढायला टपलेला. आणि शेवटच्या पानावर रंगूनहून पत्र येतं! 'द्वारकेने थरथरत्या हातांनी पाकीट फोडले, आणि' — खाली बारीक अक्षरात, 'पुढील कथा भाग दुसरा.'

झालं! वीस-बावीस वर्षं आमच्या घरात त्या पत्राचा वाद. अप्पा म्हणायचे, "नवरा गेला. दुसऱ्या कुणीतरी कळवलंय." आई म्हणायची, "काही नाही, तो परत येतोय. मला माहीत आहे." भाजी निवडताना हा वाद, सणावाराला हा वाद. एकदा दोघं ह्याच्यावरून चार दिवस बोलली नाहीत!

मग आई गेली. त्यानंतर अप्पांनी वाद बंद केला. पण रविवारी मी चपला घालायला लागलो की आरामखुर्चीतून हळूच विचारायचे, "बाळू, तो भाग दुसरा दिसला तर बघशील का?" अप्पांना मोतीबिंदू व्हायला लागला होता. डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसेनासं झालं होतं. आणि मला मनातून फार वाटायचं की उजवा आहे तोवर ते पुस्तक त्यांच्या हातात पडावं.

* * *

नव्या पुस्तकांचा माझा अनुभव सांगतो. काळे मला कॅन्टोन्मेंटमधल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. काचेची दारं, वर पंखे, सगळा कारभार इंग्रजीत. मी एक शिकारीचं पुस्तक उचललं, किंमत बघितली आणि उभ्या उभ्या वाचायला लागलो. दुसऱ्या रविवारी परत गेलो, पुढचं वाचलं. तिसऱ्या रविवारी तिथल्या म्हाताऱ्या सेल्समननं मला स्टूल आणून दिलं. चौथ्या रविवारी पुस्तक माझ्या हातात देत अदबीनं म्हणाला, "पेज एटी-फोर, सर." माझ्यासाठी खूण घालून ठेवली होती बिचाऱ्यानं!

सातव्या रविवारी गेलो तर तोच सेल्समन दारात उभा, चेहरा पडलेला. कुणी वारल्यासारखं माझा हात हातात घेऊन म्हणाला,

"व्हेरी सॉरी, सर. काल एका माणसानं तुमचं पुस्तक विकत घेतलं!"

* * *

काळ्यांना अप्पांचा वाद मी सांगितला होता. त्यांचं म्हणणं, "बाळासाहेब, जुन्या बाजारात कशाला शोधता? सरळ पुण्याहून प्रकाशकाकडून पोस्टाच्या व्ही.पी.नं मागवू. आठ दिवसांत कोरी प्रत दारात!"

काळ्यांनी सुवाच्य अक्षरात पत्र पाठवलं. अप्पा रोज अकराला पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसायचे. आठ दिवस झाले, महिना झाला. पाचव्या आठवड्यात एक कार्ड आलं.

'आपले पत्र पावले. सदर पुस्तक आमचेकडे शिल्लक नाही. आपणांस कोठे मिळाल्यास कृपया एक प्रत आम्हांसही पाठवावी.'

काळे त्यानंतर महिनाभर नव्या पुस्तकांविषयी काही बोलले नाहीत.

* * *

म्हणून मग अव्हेन्यू रोड. तिथं रंगप्पाचं दुकान. दुकान म्हणजे काय, फूटपाथवर ताडपत्री आणि तिच्यावर पुस्तकांचे ढीग. रंगप्पाशी सगळं बोलणं कन्नडमध्ये. माझी एक थिअरी होती. हवं असलेलं पुस्तक हातात घेतलं रे घेतलं की दुकानदार किंमत चढवतो. तेव्हा हव्या पुस्तकाकडे बघायचंच नाही! भलतंच एक उचलायचं, त्याच्यावरून घासाघीस करायची, आणि जाता जाता, "हे पण टाका त्यात" म्हणून हवं ते फुकटात पदरात पाडून घ्यायचं. मी ऑफिसात ह्यावर लेक्चरं द्यायचो.

एकदा ढिगात मला सरोजला हवं असलेलं विणकामाचं पुस्तक दिसलं. मी ताबडतोब तिकडे पाठ फिरवली आणि ते कोंबड्यांचं उचललं. अर्धा तास वाद! रंगप्पा तीन रुपयांवरून सव्वा रुपयावर आला. मी खूष होऊन पैसे दिले, जटक्यात, म्हणजे टांग्यात, बसून रुबाबात घरी आलो आणि सरोजसमोर पुस्तक ठेवून अख्खी लढाई वर्णन करून सांगितली.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कोंबड्यांचं पुस्तक उलटंपालटं केलं.

"अहो, सगळं कळलं. पण माझं विणकामाचं कुठाय?"

* * *

थिअरीत सुधारणा म्हणून गणपतरावांना सामील केलं. ठरलं असं की मी पुस्तक बघायचं, आणि गणपतरावांनी अनोळखी गिऱ्हाईक बनून त्या पुस्तकाला नावं ठेवायची. म्हणजे रंगप्पा घाबरून किंमत उतरवेल.

मी एक प्रवासवर्णन उचललं. तेवढ्यात गणपतराव आले. "कशाला घेताय हो, सार? कागद बघा, पापडासारखा मोडतोय. अक्षर बारीक, डोळे जातील. आणि लिहिणारा घराबाहेर पडलेला नाही, पहिल्याच पानावर कळतंय." गणपतराव असे काही रंगात आले की आसपासची चार गिऱ्हाईकं पांगली! रंगप्पानं हात जोडले आणि म्हणाला, "सरी सार, बरं, चार आण्यात घेऊन जा."

मी पुस्तक खाली ठेवलं. गणपतराव कोपऱ्यावर भेटल्यावर विचारतात, "काय हो, आणलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "तुमचं पटलं मला."

* * *

आता ह्यापुढचं मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. कारण सांगताना अजून लाज वाटते.

एका रविवारी रंगप्पाच्या ढिगात, एका कन्नड व्याकरणाखाली, 'द्वारकेचे दैव, भाग दुसरा'! उचलून छातीशी धरावं आणि पळत सुटावं की नाही? पण नाही! दहा वर्षांची सवय! मी आपला कपाळाला आठ्या घालून उभा.

"हे कसलं? केवढ्याला?"

"दोन रुपये, सार."

"दोन रुपये? ह्या रद्दीला? बेंगळुरात कोण वाचणार हे? त्या कडलेकाईवाल्याला दे पुड्या बांधायला!" असं म्हणून मी निघालो. म्हटलं, हाक मारील. नाही मारली. कोपऱ्यावर त्याच शेंगावाल्याकडून मी आणि गणपतराव नेहमीप्रमाणं कडलेकाईच्या पुड्या घेऊन खात बसलो. मनात म्हटलं, मराठी पुस्तक आहे, कुठं जातंय? पुढच्या रविवारी रुपयात घेऊ.

पुढच्या रविवारी तेच. तो दोन, मी रद्दी. त्याच्या पुढच्या रविवारी तेच! आणि दर वेळी कोपऱ्यावर शेंगा.

तिसऱ्या रविवारी घरी आलो आणि संध्याकाळी मला राहवलं नाही. अप्पांसमोर फुशारकी मारली, "अप्पा, भाग दुसरा सापडलाय! रंगप्पाला पार टेकीला आणलंय. आणखी एक रविवार, की रुपयात!"

अप्पा खुर्चीतून उठले. "दिसला? तुला दिसला, आणि तू घेतला नाहीस?"

"अहो अप्पा, दोन रुपये म्हणतोय तो..."

अप्पांनी कोट चढवला, टोपी घातली, चष्मा घेतला आणि दाराबाहेर पडले. वर्षभरात ते गल्लीच्या टोकापलीकडे गेलेले नव्हते. मी मागून धावत जाऊन जटका थांबवला. सबंध रस्ताभर माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.

रंगप्पा दुकान आवरत होता. अप्पांनी सरळ विचारलं, "मराठी भाग दुसरा आहे का?" रंगप्पानं ढिगातून पुस्तक काढून दिलं. अप्पांनी दोन रुपये काढून त्याच्या हातावर ठेवले. घासाघीस नाही, काही नाही! मग पुस्तक दोन्ही हातांत धरलं. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

अप्पांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान होतं सतरावं.

"आधीची पानं?" अप्पांनी विचारलं.

रंगप्पा गोंधळला. त्यानं दोनातला एक रुपया परत पुढं केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हे सारच म्हणाले, रद्दी आहे, कडलेकाईवाल्याला दे. एकदा नाही, दोनदा. शिकलेले आहेत, म्हटलं खरंच असेल. गेल्या आठवड्यात सोळा पानं दिली, सार. बाकीची उद्या देणार होतो."

म्हणजे त्या दिवशी सकाळी, आणि कदाचित त्या पत्राच्याच पानातून, मी शेंगा खाल्ल्या होत्या! पुडी चुरगाळून गटारात टाकली होती.

अप्पा मला खूप बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उजव्या डोळ्याजवळ नेलं आणि सतराव्या पानाची पहिली ओळ बोट ठेवून वाचली. मग मोठ्यानं वाचली.

"'...ते पत्र उराशी धरून द्वारका इतकी हसली, इतकी हसली, की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या.'"

अप्पांनी पुस्तक मिटलं. मग एकदम त्यांचे डोळे भरून आले आणि तसेच ते हसायला लागले.

"हरलो रे, बाळू! तुझी आई जिंकली."

मी मान खाली घातली. त्यांनी रंगप्पाचा परत केलेला रुपया काही घेतला नाही. पुस्तक काखेत मारलं आणि माझा हात धरून कोपऱ्यापर्यंत चालत आले. शेंगावाला टोपली उचलायच्या बेतात होता. अप्पांनी एक पुडी मागितली. शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या, पुडीचा कागद उलगडला, मांडीवर सपाट केला आणि चष्म्याशी नेऊन दोन्ही बाजूंनी नीट वाचला.

"गणिताचं पुस्तक आहे," अप्पा म्हणाले. "आणखी एक घे."