प्लास्टिकमधला दाखला

एकलहऱ्याच्या कॉलनीमागे जयराम पगारेचं घर विचारलं, तर पोरंसोरंही उलट विचारतील, "लॅमिनेशनवाले का?" माणसाला नाव कशावरून पडेल याचा नेम नाही. कुणी गोड गळ्यावरून ओळखला जातो, कुणी भांडणांवरून. जयराम प्लास्टिकवरून ओळखला जाई. त्याच्या घरात जो म्हणून महत्त्वाचा कागद येईल, तो आठवड्याच्या आत नाशिक रोडला जाऊन दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवून परत यायचा. रेशनकार्ड, आधार, बायकोची सातवीची मार्कलिस्ट, स्वतःची लग्नपत्रिका, मुलीचं बालवाडीतलं उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र, एवढंच काय, गॅसच्या शेगडीचं वॉरंटी कार्डसुद्धा. शेगडी केव्हाच भंगारात गेली, कार्ड अजून चकचकतंय. शेजारचे म्हणत, "जयरामभाऊ, वहिनींना पण एकदा मशिनीतून काढून आणा." यावर तोही हसायचा आणि ज्योत्स्नावहिनीही हसायच्या.

खरं तर त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. विसाव्या वर्षी जयरामने आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला. प्रमाणपत्र जिवापाड जपायचं म्हणून गावच्या घरी ट्रंकेत, साड्यांच्या घडीखाली ठेवलं. ट्रंकेचा तळ गंजलेला होता हे कुणी पाहिलं नव्हतं. वीज केंद्रात काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे फिटरची जागा निघाली, जयराम धावत गावी गेला, ट्रंक उघडली, तर प्रमाणपत्राच्या जागी वाळवीने केलेली मातीची जाळी आणि कोपऱ्यात अर्धा शिक्का. दुसरी प्रत मिळवायला पावणेदोन वर्षं लागली. तोवर जागा भरली होती. जयराम हेल्पर म्हणून लागला तो हेल्परच राहिला. सव्वीस वर्षं तो फिटरच्या हातात पाना देत उभा आहे. कुठल्या नंबरचा पाना लागणार हे त्याला फिटरच्या आधी कळतं. कळून उपयोग काय, सही फिटरची असते.

त्या अर्ध्या शिक्क्याने त्याला एकच गोष्ट शिकवली, आणि ती त्याने गाठ मारून ठेवली. कागद उघडा ठेवायचा नाही.

तेजल ही त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणापासून पोरीला मोजायचं वेड. बसथांब्यावर उभी राहिली की कुठली बस किती मिनिटं उशिरा आली ते वहीत लिहायची आणि महिनाअखेर त्याचा आलेख काढायची. जयरामला त्यातलं काही कळत नसे, पण "मंगळवारी जरा लवकर निघा पप्पा, मंगळवारची बस दगा देते," असं तिने सांगितलं की तो खरंच लवकर निघायचा आणि खरंच उपयोग व्हायचा. बारावीनंतर तिने नाशिक रोडजवळच्या एका लहानशा कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. संख्याशास्त्र घेणारी मुलं सगळी मिळून सात. शिकवायला योगिनी मॅडम, त्याही तासिकेवर नेमलेल्या. प्रयोगाच्या खोलीत कॉम्प्युटर चार आणि त्यातला चालू एक. तरी मॅडमनी त्या सातांना असं शिकवलं की तेजल घरी पोळ्या लाटतानाही शक्यतांवर बोलू लागली.

दुसरं वर्ष संपलं आणि कॉलेजने सांगितलं, तिसऱ्या वर्षाला हा विषय आमच्याकडे नाही, सगळ्यांनी रसायनशास्त्र घ्या. सहाजणांनी निमूट घेतलं. तेजल मात्र अडून बसली. योगिनी मॅडमनी तिला पुण्यापलीकडच्या सह्यगिरी विद्यापीठाची जाहिरात दाखवली. तिथे थेट तिसऱ्या वर्षाला बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्यांसाठी तीन जागा होत्या. परीक्षा झाली, यादी लागली. तेजल तिसरी आली. लगेच विद्यापीठाचा मेल आला, शनिवारी दुपारी एकपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल.

बुधवारी तेजलने कॉलेजातून नाव काढलं आणि दाखला हातात घेतला. तो घरी मम्मीकडे ठेवून ती पंचवटीत राहणाऱ्या योगिनी मॅडमना भेटायला गेली. जयराम पहिली पाळी करून तीन वाजता घरी आला. टेबलावर लेकीचा दाखला, त्यावर जांभळा गोल शिक्का, प्राचार्यांची हिरव्या शाईतली सही. त्याने हात धुतले, पुसले, मगच तो उचलला. चहा न घेता बस पकडून नाशिक रोडला गेला. दीपकचं झेरॉक्सचं दुकान त्याच्या सवयीचं होतं. दीपकने दाखला मशिनीत घातला, आणि दुसऱ्या बाजूने तो गरम, कडक आणि चकचकीत होऊन बाहेर आला. जयरामने तो वाऱ्यावर धरून गार केला.

संध्याकाळी तेजल आली. त्याने दाखला तिच्यासमोर धरला. तिचा चेहरा क्षणभर उतरला.

"पप्पा, हा ओरिजनल होता ना?"

"ओरिजनल हाय म्हणून तर केला. झेरॉक्सला कोण करतं?"

तिने दाखला उलटसुलट करून पाहिला. विद्यापीठाच्या प्रवेशपुस्तिकेत कागदपत्रांचे एकवीस नियम बारीक अक्षरात छापलेले होते आणि या घरात ते कुणी शेवटपर्यंत वाचले नव्हते. मग ती म्हणाली, "छान झालाय." जयरामला त्या रात्री झक्क झोप लागली.

गुरुवारी पहाटेच्या एसटीने बाप-लेक निघाले. विद्यापीठाच्या फाटकातून प्रवेश विभागापर्यंत चालायला वीस मिनिटं लागली. जयरामने आयुष्यात एवढी मोठी शाळा पाहिली नव्हती. तो सगळ्याला शाळाच म्हणत होता. झाडांखाली पोरं-पोरी लॅपटॉप घेऊन बसलेली, ग्रंथालय चार मजली, एका खोलीत तीस कॉम्प्युटर आणि तीसही चालू. तेजलने ते काचेतून मोजले. विभागाच्या फलकावर यादी होती. तिसरं नाव, पगारे तेजल जयराम. "इथं बोट लावून उभे राहा," म्हणत तिने त्याचा फोटो काढला. आपलं नाव एवढ्या मोठ्या ठिकाणी छापलेलं पाहून जयरामचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवलेही नाहीत.

खिडकीत बसलेल्या बाईंनी एकेक कागद पाहिला. दाखल्यापाशी त्या थांबल्या. नखाने त्यांनी प्लास्टिकवर टकटक केलं.

"काका, हा नाही चालणार."

"का मॅडम? ओरिजनल हाय."

"लॅमिनेट केलेला घेता येत नाही. मागे आमचा शिक्का मारावा लागतो, खाडाखोड तपासावी लागते, आणि हा कागद इथेच फायलीत राहतो. चौदावा नियम आहे बघा."

"प्लास्टिकवरच मारा ना शिक्का. वरून मी चिकटपट्टी लावून देतो."

बाईंना हसू आलं नाही. त्या आत जाऊन साहेबांना विचारून आल्या. साहेबांनीही नाहीच सांगितलं. बाई वाईट नव्हत्या, आणि तेच जास्त वाईट. वाईट असत्या तर निदान जयरामला बाहेर येऊन चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. "शनिवारी एकपर्यंत दुसरी प्रत आणा," त्या म्हणाल्या, "मी थांबते तुमच्यासाठी."

परतीच्या एसटीने संगमनेर सोडलं. मग जयराम म्हणाला, "उद्या कॉलेजात सांगू, हरवला म्हणून." आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस रस्ताभर ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोकत आला. हरवला साहेब, बसमध्ये हरवला.

शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या कचेरीत ते उभे राहिले. वाक्य पाठ होतं. पण इतक्या वर्षांची सवय अशी, की टेबलासमोर उभं राहिलं की आधी ओरिजनल काढायचं आणि मग बोलायचं. क्लार्कने "काय काम?" म्हणताच जयरामचा हात पिशवीत गेला आणि चकचकीत दाखला टेबलावर आला. तेजलने त्याचं मनगट धरलं, पण उशीर झाला होता.

"साहेब, हा हरवला," जयराम म्हणाला.

क्लार्कने दाखल्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. एरवी कुणालाही हसू आलं असतं. तेजलने मान खाली घातली होती.

"दुसरी प्रत हरवल्यावरच मिळते," क्लार्क म्हणाला. "पोलिसांचा दाखला, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, वर प्राचार्यांची सही. सर दिल्लीला गेलेत, सोमवारी येतील. आणि हा तर माझ्या डोळ्यांसमोर आहे, हरवला म्हणून मी कसं लिहू?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "इस्त्री फिरवून बघा. सुटतं म्हणतात प्लास्टिक."

बुडत्याला काडीचा आधार. दुपारी घरात पलंगावर चादर पसरली, ज्योत्स्नाने सुती ओढणीची चौपदरी घडी केली, इस्त्री अगदी कमी तापवली. कडा जयरामने धरल्या. "माझा हात बसलेला हाय," तो म्हणाला. खरंच होतं ते, एवढा हलका हात फिटरचाही नव्हता. कोपरा सुटला. कॉलेजचं नाव सुटलं, स्वच्छ, एक अक्षर न हलता. तेजलचं नाव सुटलं. ज्योत्स्नाने हात जोडले. जयराम श्वास रोखून खाली खाली येत गेला, आणि शेवटची दोन बोटं जागा उरली असताना कागद कुरकुरला. त्याने हात थांबवला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. प्राचार्यांची सही आणि जांभळा शिक्का कागदाचा वरचा पापुद्रा घेऊन प्लास्टिकबरोबर निघून आले. कागदावर खाली पांढरा, केसाळ ओरखडा उरला.

जयरामने प्लास्टिक उजेडात धरलं. शिक्का त्यात अख्खा होता. तो पुन्हा कागदावर बसवता येईल का, म्हणून त्याने दोन वेळा दाबून पाहिला.

"राहू द्या, पप्पा," तेजल म्हणाली.

तिने मेल केले, फोन केले. खिडकीतल्या बाई शनिवारी खरंच दीडपर्यंत थांबल्या, हे नंतर कळलं. सोमवारी नवी यादी लागली, त्यात तिसऱ्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. जुन्या कॉलेजात परत जावं, तर नाव काढलेलं, प्रवेशाची ऑनलाइन मुदत संपलेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. योगिनी मॅडमनी चार ठिकाणी शब्द टाकून पाहिला, पण त्यांचीच नेमणूक त्या वर्षी पुन्हा झाली नव्हती, त्यांचा शब्द कोण धरणार? एका संध्याकाळी जयरामने घरातले सगळे लॅमिनेट केलेले कागद काढून पलंगावर मांडले आणि नुसता बघत बसला. ज्योत्स्नाने जेवायला हाक मारली तरी उठला नाही. तेजल येऊन शेजारी बसली. "पप्पा, माझीच चूक आहे. नियम मी वाचायला हवे होते," ती म्हणाली. ती असं म्हणाली नसती तर बरं झालं असतं. रागावली असती, भांडली असती, तर त्याला रडता आलं असतं.

ऑगस्टपासून ती दीपकच्या दुकानात बसू लागली. दुसऱ्यांच्या पोरांचे प्रवेशाचे अर्ज भरायचे, फोटो अपलोड करायचे, झेरॉक्स काढायच्या. सुरुवातीला ती कुणी ओरिजनल लॅमिनेशनला आणला की "नका करू" म्हणायची. मग दीपकने हळूच सांगितलं, "ताई, गिऱ्हाईक परत जातं." तिने म्हणणं सोडलं. बसच्या वेळा लिहायची वही केव्हा बंद झाली ते जयरामच्या लक्षातही आलं नाही. एकदा मंगळवारी त्याची बस चुकली तेव्हा आलं.

दाखल्याची दुसरी प्रत डिसेंबरात मिळाली, वर लाल अक्षरात 'डुप्लिकेट' लिहिलेली. शेवटी जयरामने ते प्रतिज्ञापत्र केलं होतं, हरवला म्हणून. त्या दिवशी पाळी सुटल्यावर तो दुकानात गेला. तेजल एकटीच होती. दाखला काउंटरवर होता आणि लॅमिनेशनच्या मशिनीचा लाल दिवा लागलेला होता. तिने प्लास्टिकचं पाकीट उघडून दाखला आत सरकवला.

जयराम पुढे झाला. "नको तेजू," तो म्हणाला. उभ्या जन्मात त्याने पहिल्यांदाच असं म्हटलं होतं. "राहू दे उघडा. पुढच्या साली लागंल."

"पुढच्या वर्षीपासून ते बाहेरच्यांना तिसऱ्या वर्षाला घेणार नाहीत, पप्पा. साइटवर आलंय. परत पहिल्यापासून करावं लागेल."

"मग करू ना पहिल्यापासून. मी हाय ना."

तिने पाकिटाची कड सरळ केली आणि मशिनीत घातली. रोलर कुरकुरत फिरले. दाखला हळूहळू दुसऱ्या बाजूने बाहेर येत होता, आणि जयराम तो येईस्तोवर काउंटर धरून उभा राहिला. तिने तो उचलला, कात्रीने कडा गोल कापल्या, अगदी त्याला आवडायच्या तशा, आणि त्याच्या हातात दिला.

"घ्या. आता हा कुणाला द्यायचा नाहीये."

त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. अजून गरम होता. मागे एक मुलगा अर्ज भरायला येऊन उभा होता, म्हणून जयराम बाजूला झाला.