झालर असलेली पट्टी

हे नवऱ्याला ठाऊक नाही, आईला कधी सांगितलं नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी एवढं वगळूनच बोलते. तुम्हाला सांगते, कारण आता घास उतरत नाही.

आधी लझानियाचं सांगते — हसू नका, सगळं त्यातच आहे. मैद्याच्या पट्ट्या, टोमॅटोतली भाजी, पांढरा सॉस, चीज — थरावर थर. तळाला आधी जरा भाजी पसरायची, नाहीतर पट्टी चिकटते. सॉस अगदी कोपऱ्यांपर्यंत न्यायचा. आणि एकदा तो पसरला की खाली काय दडलंय ते कुणाला दिसतं?

मी बारामतीत राहते, सासरचं घर गावी, अंथुर्ण्याला. तिथं सासूबाई — आम्ही जावा त्यांना आत्या म्हणायचो — धाकटे दीर आणि त्यांची बायको रेखा. काही वर्षांपूर्वी माझ्या लेकीचा वाढदिवस तिकडं ठरला आणि तिनं लझानियाचा हट्ट धरला. मी ओव्हन गाडीत घालून नेला. शिमला मिरची घरच्या शेडनेटमधली. पट्ट्यांचं पाकीट पुण्याहून आणलेलं, पण त्यात अंडं. आत्या तर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. म्हणून दोन ट्रे करायचे ठरले. पोरांचा पाकिटातल्या पट्ट्यांचा, आत्यांचा रेखानं मैदा भिजवून लाटलेल्या पट्ट्यांचा. काय लाटल्या होत्या! पुरणपोळीचा हात तिचा. उकडून, फडक्यावर सुट्या सुट्या पसरून तिनं आत्यांचा ट्रे भरायला घेतला. निम्मा भरला आणि गोठ्याकडून हाक आली. "ताई, तेवढं वरचं तुमी लावा," म्हणत ती पळाली.

ओट्यावर जागा हवी म्हणून उरलेल्या पट्ट्या मी एकीवर एक रचल्या. चिकटल्या. सोडवायला गेले तर चिंध्या झाल्या. आता रेखाला काय सांगायचं — मी वाट लावली? शिकलेली मी, ओव्हनवाली मी! पोरांचं पाकीट हाताशी होतं. त्यातल्या पट्ट्या काढल्या, लावल्या, वरून सॉस ओतला.

चुकून नाही हो. अंडं आहे हे मला माहीत होतं. मनात काय आलं सांगू? — म्हातारीला काय कळतंय. एवढंच आलं.

आत्यांनी आवडीनं खाल्लं. दुसरा तुकडा वाढताना थर कोसळले, आणि वाढदिवसाला आलेल्या नणंदेनं पाहिलं. पाकिटातल्या पट्टीच्या कडेला झालर असते. रेखाच्या पट्ट्या सुरीनं सरळ कापलेल्या. "आगं, ही तर पोरांच्यातली पट्टी हाय," नणंद म्हणाली. सगळे रेखाकडं बघायला लागले. रेखा माझ्याकडं.

आणि मी म्हणाले, "दोन्ही ढीग शेजारीच होते गं रेखा, खालचे थर लावताना मिसळली असेल."

तिला ते खरं वाटलं. हे तुम्हाला कळतंय ना — खरं वाटलं! ताई कशाला खोटं बोलेल? आत्यांनी चूळ भरली, माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. रेखा त्यांचे पाय धरून रडत होती, "माझ्या हातनं झालं, आत्या." मी काय करत होते? ताटं उचलत होते.

माळ पुन्हा घालता येते म्हणून सगळ्यांनी विनवलं. "आता ह्या गळ्यात न्हाय," म्हणाल्या. रेखाच्या हातचं खाणं सोडलं, त्याच घरात आपली चूल वेगळी मांडली. त्या वयात स्वतःची भाकरी स्वतः थापायच्या आणि रेखा दाराशी उभी राहून बघायची. एक वाक्य बोलायचं होतं मला. एक. गावी जाताना दर खेपेला वाटेतलं भवानीनगर मागं पडेपर्यंत मनाशी घोकायचे — आज सांगायचंच. घरी पोचले की भाजी निवडायला बसायचे.

यंदा आत्या गेल्या. शेवटचं पाणी पाजायला रेखा पुढं झाली तर त्यांनी तोंड फिरवलं. मग मी चमचा घेतला. माझ्या हातचं पाणी त्या प्यायल्या. तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? त्यांच्या कानाशीच तर वाकले होते.

परवा लेकीच्या वाढदिवसाला रेखा बारामतीला आली. लेकीला काकूच्याच हातचा लझानिया हवा होता. घरात आता माळकरी कुणी नाही, पाकीटही नव्हतं. तरी ती लाटलेली प्रत्येक पट्टी खिडकीशी नेत होती, कडेवरून बोट फिरवत होती, मगच ट्रेमध्ये ठेवत होती. मध्येच थांबली आणि माझ्यापुढं पट्टी धरली.

"ताई, तुमी बघा एकदा. माझा मला इस्वास न्हाय."

मी पट्टी हातात घेतली. चारी कडा नीट पाहिल्या आणि म्हणाले, "बरोबर आहे, लाव."