सहावा खांब

निपाणीच्या वखारीचं ते प्रकरण अजूनही काल घडल्यासारखं वाटतं. स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा निपाणीला फौजदार होतो.

एके सकाळी हजेरी चालू असताना येळ्ळूरचे एक वृद्ध गृहस्थ ठाण्यात आले. पूर्वी इमारतींची कंत्राटं घेत, आता शेती करत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. हातात चिकोडीच्या दिवाणी कोर्टाचं समन्स होतं. वर्षापूर्वी निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीचं छप्पर कोसळून एक हमाल मेला होता. वखार आप्पांनी बांधलेली. कच्चं काम केलं म्हणून मालकानं त्यांच्यावर दावा लावला होता. तारीख चार दिवसांवर आली होती.

"वकील म्हणतोय, सगळं नाकबूल करा," आप्पा म्हणाले. "पण साहेब, चूक माझी असंल तर नाकबूल कसं करू? छप्पर पडलं त्या दिसापासनं मी भिंत सरळ हाय का बघायचा ओळंबा हातात धरला न्हाय. तुमचा पंचनामा तेवढा वाचून दाखवा."

समन्स आलं की लोक पळवाट शोधतात. हा माणूस स्वतःची चूक शोधायला आला होता. मी दप्तर काढलं. 'पडलेले लाकडी खांब पाच' असं वाचताच त्यांनी मला थांबवलं.

"पाच न्हाय साहेब. मी सहा उभं केलतो."

तो पंचनामा माझ्याच हातचा होता.

वखारीत रोज वावरणारा हमाल घरी काही बोलला असेल, म्हणून आम्ही थेट त्याच्या बायकोकडे गेलो. आप्पा दाराबाहेरच थांबले. आत जायचा त्यांना धीर होईना.

"मधला खांब गाडीच्या आड येतोय म्हणून मालकानं सुताराकडनं काढून घेतला," ती म्हणाली. "ह्यांनी घरात सांगितलतं, आत जायाचं लई भ्या वाटतंय म्हणून."

"बाई, हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला इचारलं कुणी?"

मी तिचा जबाब लिहून घेतला.

सुताराला ठाण्यात आणलं. "मला काय ठाव न्हाय," एवढंच तो तीनदा बोलला. मी आवाज चढवला नाही. आप्पांना त्याच्यासमोर बसवलं.

"सागवान हुतं ते," आप्पा शांतपणे म्हणाले. "तू जाळलं नसशील. कुठं लावलंस?"

सुतारानं मान खाली घातली. "मालकाच्या नव्या गोठ्यात. तुळई केली."

आम्ही जवळजवळ धावतच गोठा गाठला. आप्पा शिडीवर चढले आणि तुळईचं टोक चाचपू लागले. ते उभारणीच्या क्रमानं प्रत्येक खांबावर पटाशीनं खाचा पाडत, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन; मधला खांब त्यांनी सगळ्यात शेवटी उभा केला होता. त्यांची बोटं थांबली. "सहा हाईत, साहेब," ते म्हणाले. मी पंच बोलावून दुसरा पंचनामा केला.

कोर्टात मालकाच्या वकिलानं मला विचारलं, "पहिल्या पंचनाम्यात हे का आलं नाही?"

"मी खांब मोजले, पण मयताच्या बायकोला विचारलं नाही. चूक माझी," मी सांगितलं.

दावा फेटाळला गेला आणि मालकावर फौजदारी खटला उभा राहिला. वरिष्ठांनी माझी कानउघाडणी केली, ती योग्यच होती. त्यानंतर मयताच्या घरच्यांचा जबाब घेतल्याशिवाय मी एकही अकस्मात मृत्यूचं प्रकरण बंद केलं नाही.

कोर्टाबाहेर ती बाई आप्पांजवळ आली.

"आप्पा, माझ्या घराची मागली भिंत कललीया. येऊन बघता का?"

आप्पांनी तिला हात जोडले. मग म्हणाले, "उद्या येतो, आक्का. ओळंबा घिऊन."